पाटीवरची सरस्वती आणि आजची चित्रप्रदर्शने

घटस्थापना झाली, घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्याने कोंब धरले, माळेवर माळ चढू लागली. आता घराघरांतून विजयादशमीची सिद्धता सुरू होईल. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रांबरोबर शास्त्रांचेही पूजन होते. पोथ्या-पुस्तके पाटावर मांडली जातात आणि घरातले लहान मूल पाटीवर एकच्या आकड्यांची गुंफण करून सरस्वती रेखाटते. ही रीत किती अर्थपूर्ण आहे याचा विचार आपण क्वचितच करतो. अंक, रेषा आणि देवता ही तिन्ही त्या एका पाटीवर एकत्र येतात. विद्येची देवता आपल्या घरी प्रथम येते ती चित्ररूपाने, अक्षररूपाने नंतर.

पुढे मात्र काय होते? पाटी पुसली जाते आणि चित्र मागे पडते. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी त्याच तासावर गणित वा इंग्रजी येऊन बसते. ‘चित्राने पोट भरते काय?’ हा प्रश्न आपल्याच माजघरात विचारला जातो. आजच्या चित्रकारांची प्रदर्शने हा तर आपल्या दृष्टीने मुंबई-पुण्याच्या धनिकांचा विरंगुळा! या समजुतीचा थोडा फेरविचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच. आजच्या कलेचे प्रदर्शन ही एक शाळा आहे, ती शाळा खेड्यातल्या मुलाला अधिक लाभते, आणि ती उघडण्याचे सामर्थ्य आपल्या उत्सवांत आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

भवभूतीची चित्रवीथी

चित्रप्रदर्शन ही पाश्चात्यांकडून आलेली गोष्ट आहे, असा एक समज आढळतो. सुज्ञ वाचकांनी आठव्या शतकातील विदर्भनिवासी महाकवी भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ आठवावे. त्याच्या पहिल्याच अंकात एक चित्रप्रदर्शन आहे. जनकराजा मिथिलेस परत गेल्याने गर्भवती सीता उदास झालेली असते. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण राम-सीतेस चित्रवीथी पाहण्यास नेतो. अर्जुन नावाच्या चित्रकाराने रामाचे चरित्र भिंतीवर चितारलेले आहे. ध्यानात घ्यावे की, ही चित्रे कोणत्या प्राचीन काळाची नाहीत. पाहणाऱ्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काल-परवा घडलेल्या घटनांची ती आहेत. आजच्या भाषेत ज्याला ‘समकालीन कला’ म्हणतात, तीच ही.

त्या वीथीत काय घडते ते पाहा. लक्ष्मण एकेका चित्राकडे बोट दाखवून माहिती देतो. म्हणजे तो आजच्या संग्रहालयातील मार्गदर्शकच झाला. सीता प्रश्न विचारते. विवाहप्रसंगाच्या चित्रात ऊर्मिलेकडे बोट दाखवून ती दिराची थट्टा करते, तेव्हा लक्ष्मण लाजून दुसऱ्याच चित्राकडे लक्ष वेधतो. मंथरेचे चित्र आले की राम काही न बोलता पुढे सरकतो. कैकेयीमातेचा तो प्रसंग त्याला पुन्हा उकलायचा नसतो आणि लक्ष्मणाला ते मौन कळते. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते, तेव्हा हे केवळ चित्र आहे असे सांगून राम तिला धीर देतो. परंतु जनस्थानाची चित्रे येताच स्वतः त्याचेच डोळे भरून येतात. शेवटी सीतेला पुन्हा ती वने पाहण्याची, भागीरथीत स्नान करण्याची इच्छा होते, आणि पुढचे सारे नाटक त्या इच्छेतून उलगडते.

प्रदर्शनाच्या शैक्षणिक सामर्थ्याचे याहून सूक्ष्म वर्णन मला ठाऊक नाही. एकच चित्र तिघे पाहतात आणि तिघांना निरनिराळे दिसते. कोणी विचारतो, कोणी सांगतो, कोणी गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यातूनही सोबत्याला काही शिकावयास मिळते. चित्र भिंतीवर असते, पण शिक्षण घडते ते पाहणाऱ्यांच्या मधोमध.

आपला डोळा अशिक्षित नाही

‘आम्हांला चित्रातले काही कळत नाही,’ असे भाविक गृहस्थ विनयाने म्हणतात. मला ते पटत नाही. तुळजापुरात नवरात्रात श्रीतुळजाभवानीच्या ज्या अलंकार महापूजा बांधल्या जातात, त्या आठवाव्यात. एके दिवशी रथ अलंकार, एके दिवशी मुरली अलंकार, मग शेषशायी, मग भवानी तलवार, मग महिषासुरमर्दिनी. मूर्ती तीच, गाभारा तोच. रूप मात्र रोज नवे. रांगेत उभी असलेली वृद्धा नातीला विचारते, ‘आज आईच्या हाती मुरली का गं?’ आणि रांग पुढे सरकेपर्यंत तिघी-चौघी आपापले उत्तर देतात. हे मूर्तिवाचनच होय. रूप बदलले की अर्थ बदलतो, हातातील वस्तू काही सांगते, आसनाला भाषा असते, हे सर्व आपल्या घरातील माउलीला कोणत्याही कलाशाळेत न जाता कळते.

चैत्रगौरीची आरास, अंगणातले चैत्रांगण, गणपतीपुढचा देखावा ही सारी प्रदर्शनेच आहेत. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून शिकविणे ही आपली जुनी पद्धती आहे.

आमच्या शास्त्रकारांनी तर कलांची साखळीच सांगितली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडविण्याची विद्या विचारतो. ऋषी म्हणतात की, त्यासाठी आधी चित्रविद्या जाणली पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन जाणले पाहिजे. तेथेच पाहणाऱ्यांचे प्रकारही सांगितले आहेत. आचार्य रेषेला दाद देतात, जाणकार छायाप्रकाशाला, स्त्रियांना अलंकरण रुचते आणि इतर जनांना रंगांची समृद्धी. या वर्गवारीविषयी आज मतभेद होईल, तो होवो. परंतु पाहणाऱ्याचेही शास्त्र असते, ही जाणीव त्या ग्रंथकाराला होती, हे महत्त्वाचे.

औंधचा कीर्तनकार राजा

देवीचे स्थान आणि नव्या चित्रकारांची कला एकत्र नांदू शकतात काय? या प्रश्नाचे उत्तर सातारा जिल्ह्यातील औंध येथे दगड-चुन्यात उभे आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांना आपण सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ओळखतो. ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीलाही त्यांचा मोठा आधार होता.

या राजाने १९३८ साली मूळपीठ यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रे तेथे आहेत, धुरंधरांची आहेत. आणि त्यांच्या सोबतीला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे पाषाणशिल्पही आहे. त्या काळी मूर हयात होते आणि त्यांचे ओबडधोबड वाटणारे आकार इंग्लंडातही सर्वांच्या पचनी पडले नव्हते. अशा माणसाचे शिल्प एका कीर्तनकाराने देवीच्या पायथ्याशी आणून ठेवले! यमाईच्या दर्शनाला चढणारी लेकुरवाळी तेथे क्षणभर थांबली तर नाक-डोळे न कोरलेल्या त्या मातेत तिला काय दिसेल? कदाचित आपल्याकडच्या शेंदूर माखलेल्या तांदळ्याची तिला आठवण होईल. तांदळ्यालाही नाक-डोळे कोठे असतात? तरी आपण त्याला आई म्हणतोच.

नवी चित्रे काय शिकवितात?

येथे वाचक विचारील की, रविवर्म्याची लक्ष्मी समजते, पण आजची चित्रे समजत नाहीत, त्यांचे काय? कोठे नुसते रंगाचे थर, कोठे भांड्यांचा ढीग! त्यातून मुलाने काय शिकावे?

आपण तीन उदाहरणे घेऊ. नागपुरास १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत ना माणूस, ना झाड, ना घर. केवळ रंग आणि त्यातून उमटणारा उजेड. त्यांच्या निधनानंतर, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्या समाजाला सगुण-निर्गुणाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनातून ऐकून ठाऊक आहे, त्याने अशा अमूर्त चित्रापुढे बिचकण्याचे कारण काय? आकार काढून घेतला तर उरते काय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

दुसरे उदाहरण बिहारमधील खगौल येथे जन्मलेल्या सुबोध गुप्ता यांचे. त्यांनी स्टीलच्या चकचकीत भांड्यांची एक प्रचंड कवटी रचली आणि ‘फार भुकेला देव’ अशा अर्थाचे नाव तिला दिले. २००६ साली पॅरिसमधील एका चर्चमध्ये ती मांडली गेली. अशा रचनेला मराठीत मांडणशिल्प म्हणतात. नाव ऐकून भाविक मन चमकेल. चमकावेच! मग मात्र थोडे थांबावे. आपल्या फडताळातल्या त्याच ताटवाट्या, तेच डबे. भरलेले असले तर अन्नपूर्णा, रिकामे असले तर काय? भांडे लखलखीत आहे पण त्यात अन्न नाही, याहून मोठी विटंबना कोणती? मराठवाड्यात ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, त्या पिढीला ही कवटी समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा म्हसे यांचे. वारली समाजात लग्नचौक लिहिण्याचे काम सुवासिनी करीत. म्हसे यांनी तांदळाच्या पिठाची ती पांढरी रेषा भिंतीवरून कागदावर आणली. १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातील एका गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या सारवलेल्या भिंतीवरची रेषा जगाच्या प्रदर्शनात मानाने बसू शकते, ही गोष्ट खेड्यातल्या मुलाला कळणे हेही शिक्षणच.

या तिन्ही ठिकाणी मुलाला माहिती फार थोडी मिळते. मिळते ते दुसरेच काही. तयार उत्तर नसलेल्या गोष्टीसमोर न घाबरता उभे राहणे, आपल्याला काय दिसते ते शब्दांत सांगणे, आणि ‘असे का वाटते?’ या प्रश्नाला चित्रातलाच पुरावा देणे. पाठ्यपुस्तकात उत्तर मागच्या पानावर असते. आयुष्यात ते तसे नसते आणि चित्रातही नसते.

आक्षेपाचा प्रश्न

एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. ‘आजचे चित्रकार देवादिकांची थट्टा करतात, मुलांना तेथे कशास न्यावे?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांची देवतांविषयीची जुनी रेखाटने १९९६ साली एका मासिकात छापून आली आणि देशभर वाद पेटला. खटले झाले, त्यांपैकी काही २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले. हुसेन यांनी २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ती रेखाटने पाहून ज्यांचे मन दुखावले, त्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. देवतेच्या रूपाला आपल्याकडे ध्यानश्लोकांचे बंधन आहे, आणि ते बंधन झुगारलेले पाहून भक्ताला वेदना होणे स्वाभाविक आहे.

परंतु येथेच शिक्षणाची खरी कसोटी लागते. नैयायिकांच्या परंपरेत प्रतिपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो. तो अर्धवट मांडला तर खंडनही दुबळे ठरते. चित्राच्या बाबतीत पूर्वपक्ष म्हणजे ते चित्र स्वतः. ते डोळ्यांनी पाहिले, काय काढले आहे ते सांगता आले, आणि मग ‘मला हे मान्य नाही, या कारणास्तव’ असे एखादा मुलगा शांतपणे म्हणू शकला, तर तो सुशिक्षित झाला. न पाहता दगड उचलणारा आणि न पाहता मान डोलावणारा, दोघेही अशिक्षितच राहिले. कोणते चित्र कोणत्या वयाच्या मुलाला दाखवावे, हा विवेक अर्थातच पालकांनी व शिक्षकांनी करावयाचा.

आधी पद, मग अर्थ

प्रदर्शन आपोआप शिकवीत नाही. मुलांची रांग एका दाराने आत आली आणि पंधरा मिनिटांत दुसऱ्या दाराने बाहेर पडली, तर पायांना व्यायाम घडला एवढेच. चित्राजवळ कोणीतरी उभे राहावे लागते, आणि ते कसे उभे राहावे याचा वस्तुपाठ आमच्या कीर्तनात आहे. पूर्वरंगात बुवा आधी पद गातात. श्रोत्यांच्या कानांत ते पुरते उतरले की मगच अर्थाची उकल सुरू होते, आणि आख्यान तर उत्तररंगात येते. आधी अर्थ सांगून मग पद म्हणणारा कीर्तनकार श्रोत्यांचा आनंद हिरावून घेतो. चित्राचेही तसेच आहे. आधी निवांत पाहू द्यावे, मग विचारावे, आणि चित्रकाराची हकीकत सर्वांत शेवटी सांगावी.

अमेरिकेत हाच क्रम निराळ्या मार्गाने सापडला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन यांनी चित्रापुढे मुलांना विचारण्याजोगे तीनच प्रश्न निश्चित केले. या चित्रात काय चालले आहे? असे तुला कशावरून वाटते? आणखी काय सापडते? बस, एवढेच. शिक्षकाने उत्तर द्यावयाचे नाही. मुलाचे उत्तर नीट ऐकून ते इतरांपुढे ठेवायचे.

याचा उपयोग होतो की नाही, हेही तपासले गेले आहे. २०११ साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल या लहान शहरात क्रिस्टल ब्रिजेस नावाचे कलासंग्रहालय उघडले. भेटीसाठी इतक्या शाळांनी नावे दिली की सोडत काढावी लागली. तेव्हा आर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या शाळांची तुलना केली. १२३ शाळांतील सुमारे ११ हजार विद्यार्थी या पाहणीत होते. मुलांना पूर्वी न पाहिलेले एक चित्र देऊन त्यावर लिहावयास सांगितले. संग्रहालयात जेमतेम तासभर मोजकी चित्रे पाहून चर्चा केलेल्या मुलांनी अधिक बारकाईने पाहिले आणि आपल्या म्हणण्याला अधिक कारणे दिली. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण फरक लहानच होता. परंतु खेड्यांतल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांत तो कितीतरी अधिक दिसला. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला एक घागर पाण्याचे काय महत्त्व? ते तहानलेल्यालाच ठाऊक.

बेंबळीतला एक प्रश्न

हे वाचताना मला बेंबळीची आठवण झाली. धाराशिव तालुक्यातले हे गाव. तुळजापूर जवळ आणि गोरोबाकाकांचे तेरही फार दूर नाही. तेथे एका रात्री गोरोबाकाकांच्या आख्यानाचे कीर्तन झाले. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटी घेऊन एकेकाची मडकी पारखली, तो प्रसंग मी सांगितला. कीर्तन उलगडल्यावर नववीतली एक मुलगी पाया पडून म्हणाली, ‘बुवा, एक विचारू? मोठ्या चित्रकाराचं खरं चित्र केवढं असतं?’ ती एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण होऊन इंटरमीजिएटची तयारी करीत होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सारे तिने केले होते. मात्र मोठ्या कलावंताचे अस्सल चित्र तिने आयुष्यात एकदाही पाहिले नव्हते. पुस्तकात सगळी चित्रे एकाच मापाची, हाताच्या पंजाएवढी छापलेली.

तिचा प्रश्न साधा होता, पण मला त्याने अस्वस्थ केले. ज्याने नदी पाहिली नाही, त्याला पोहण्याची परीक्षा द्यावयास सांगावे, असा हा प्रकार नव्हे काय? महाराष्ट्राच्या गावोगावची मुले दरवर्षी या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांतील कितीजणांनी रंगाचा खरा थर, कुंचल्याचा फटकारा, सात-आठ फुटी चित्रापुढे उभे राहिल्यावर छातीत होणारी धडधड अनुभवली असेल?

मुंबईत काळा घोडा येथे जहांगीर कलादालन १९५२ पासून उभे आहे आणि त्याच परिसरात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दालन १९९६ साली उघडले. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने २००८ साली जीर्णोद्धारानंतर एक सुंदर प्रथा पाडली. आजच्या चित्रकारांना बोलावून जुन्या संग्रहाला प्रतिसाद देणाऱ्या कलाकृती तेथेच मांडावयास सांगितले. केरळात कोची येथे २०१२ पासून भरणाऱ्या द्वैवार्षिक कलामेळ्यात कलाशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रदर्शन भरत आले आहे. हे सर्व चांगलेच आहे. पण बेंबळीहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास, आणि शेतकऱ्याच्या घरी त्या प्रवासाचा खर्च म्हणजे बियाण्याच्या पिशवीशी तोलण्याची गोष्ट.

चित्रेच गावी यावीत

मूल चित्राकडे जाऊ शकत नसेल तर चित्रांनी मुलाकडे यावे. ही कल्पना स्वप्नवत नाही. ती महाराष्ट्रात घडलेली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. महात्मा गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले आणि त्या थोर चित्रकाराने बांबूसारख्या गावातल्याच साहित्याने अधिवेशननगरी सजविली. पुढे १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथे त्यांनी ढोलकी वाजविणारा, कुंभार, सुतार, स्वयंपाक करणारी स्त्री अशी चित्रे काढून वाटेवर लावली. खेडूत येता-जाता थांबून त्यांत स्वतःला पाहत. त्या काळची ती समकालीन कलाच होती.

अगदी अलीकडचे उदाहरण डॉ. सुधीर पटवर्धन यांचे. व्यवसायाने ते ठाण्याचे क्ष-किरणतज्ज्ञ होते. उपनगरांतील कामगार, रस्ते, चाळी, लोकलमधली माणसे हा त्यांच्या चित्रांचा विषय. त्यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने आजच्या भारतीय चित्रकारांच्या कलाकृती निवडून ते प्रदर्शन महाराष्ट्रातील मुंबईबाहेरच्या शहरांतून फिरविले. जे मोठ्या शहरांपर्यंत आले, ते तालुक्यापर्यंत आणि तेथून गावापर्यंत का येऊ नये?

आपल्या जिल्ह्याला तर पाया तयार आहे. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या पुरावस्तूंचे शासकीय संग्रहालय आहे. ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून उल्लेखिलेल्या या नगरीची मातीची खेळणी, मूर्ती, मणी तेथे पाहावयास मिळतात. गोरोबाकाकांच्या त्या गावी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या धर्तीवर, आजच्या एखाद्या मृत्तिकाशिल्पकाराने त्या प्राचीन खेळण्यांशेजारी आपले काम मांडले तर केवढा पाठ होईल! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या बोटांचा ठसा आणि आजच्या कलावंताच्या बोटांचा ठसा मुलांना एकाच जागी पाहता येईल.

तेवढे घडेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत गाव एकत्र येतेच. रात्री मंडपात दिवे असतात, आबालवृद्ध असतात, आणि मंडळाची वर्गणीही असते. त्या वर्गणीतील थोडा भाग ध्वनिवर्धकाच्या भिंतीऐवजी चित्रांच्या भिंतीवर खर्चावा. कलाशाळांतून शिकून आलेले तरुण चित्रकार सोलापूर, लातूर, संभाजीनगर येथे आहेत. त्यांना सन्मानाने प्रवासखर्च व मानधन देऊन पाच-सहा अस्सल चित्रांसह पाचारण करावे. चित्रे शाळेच्या खोलीत उन्हा-पावसापासून जपून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. एका चित्रापुढे दहा-बाराच मुले बसवावीत. गावातल्या शिक्षिकेने वा एखाद्या कीर्तनकाराने ते तीन प्रश्न विचारावेत आणि स्वतःच्या जिभेला आवर घालावा. संध्याकाळी मुलांनीच आपल्या आई-आजीला हाताला धरून आणावे आणि त्यांना तेच प्रश्न विचारावेत. लक्ष्मणाने सीतेला वीथी दाखविली, त्याच प्रेमाने.

आणि हो, प्रत्येक चित्राखाली नावाबरोबर त्याची लांबी-रुंदीही लिहावी. ‘खरं चित्र केवढं असतं?’ असे विचारणाऱ्या मुलीला मोजपट्टी घेऊन ती पडताळून पाहू द्यावी. एवढे जरी एखाद्या गावाने यंदा केले, तरी त्या गावची शारदा प्रसन्न झाली असे मी समजेन.